आधी उंट बांधावा, मग भरोसा ठेवावा

रमजानच्या पहाटे वर्ध्यातल्या मुस्लिम मोहल्ल्यांना एक ठरलेला आवाज असतो. तीन-साडेतीनला कुणीतरी दारोदारी हाक देत जातो, भांड्यांचा खळखळाट सुरू होतो, एका घरातला गरम पराठा दुसऱ्या घरात पोहोचतो. २०२१ मध्ये सहरच्या वेळी सगळ्यांत आधी ऐकू येई तो रुग्णवाहिकेचा भोंगा. गाडी सेवाग्रामकडे गेली की सावंगीकडे, एवढाच अंदाज घरातली माणसे बांधत. मग कुणीतरी मोबाइल उघडी, एखाद्या ओळखीच्या नावापुढे 'इन्ना लिल्लाहि' लिहिलेले दिसे आणि हातातला घास हातातच राही.

सलग दुसरा रमजान असा आला होता. १४ एप्रिल २०२१ ला पहिला रोजा झाला आणि त्याच रात्री राज्यात कडक निर्बंध लागू झाले. तरावीह घरी, इफ्तार घरी, जुम्मा घरी. बाहेर वैशाखातले ऊन, चौदा तासांहून मोठा रोजा आणि मनात एकच प्रश्न: आपले माणूस सुखरूप राहील का? रोजा ठेवणाऱ्याचा हा प्रश्न शेजारच्या घरात देवापुढे दिवा लावणाऱ्या आजींचाही होता. सुरक्षितता कशाने मिळते आणि एवढ्या धास्तीत डोके ठिकाणावर कसे ठेवायचे, हे कोडे कुठल्याही एका धर्माचे नाही. पण रमजान हा संयमाचा महिना असल्याने, त्याच्या शिकवणीत या कोड्याचे काही उत्तर सापडते का, हे पाहायला हरकत नाही.

सुरुवात २०२० पासून करावी लागेल. १ मे २०२० रोजी केंद्र सरकारने जिल्ह्यांची रंगवार यादी काढली. त्यात महाराष्ट्रातले अवघे सहा जिल्हे ग्रीन झोनमध्ये होते आणि वर्धा त्यांपैकी एक होता. जिल्ह्याला हायसे वाटले. जिल्ह्याच्या सीमेवर नाकाबंदी असली की आजार बाहेरच राहील, अशी एक समजूत मनात बसली. त्याच महिन्यात आर्वी तालुक्यात पहिला रुग्ण आढळला आणि ती समजूत संपली. नकाशावरच्या हिरव्या रंगाने मिळणारी सुरक्षितता किती कच्ची असते, हे तेव्हा कळायला हवे होते.

पण माणसाचे भय मोठे विचित्र असते. नकाशावरची रेष पुसली गेली की ते माणसांमध्ये रेष ओढते. मार्च-एप्रिल २०२० मध्ये दिल्लीच्या मरकजची बातमी आली आणि बघता बघता आजाराला एका जमातीचे नाव चिकटले. तो मेळावा त्या काळात भरायला नको होता, हे मुस्लिम समाजातल्या अनेकांनी तेव्हाच म्हटले होते. पण एका मेळाव्याची चूक एक गोष्ट आणि साऱ्या समाजाला विषाणू ठरवणे दुसरी. भाजीच्या गाडीवाल्याला आधी नाव विचारले जाऊ लागले आणि मग भाव. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातच्या परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेल्याचे निरीक्षण नोंदवले. निकाल आला, पण तोवर गाडीवाल्याचा उन्हाळा निघून गेला होता.

या संशयाने कुणी सुरक्षित झाले का? झाले उलटेच. ज्याला आजारापेक्षा बदनामीची भीती जास्त वाटते, तो ताप लपवतो. तपासणीला जात नाही. दारावर फलक लागेल, गल्ली तोंड फिरवेल, म्हणून घरीच काढे पीत बसतो आणि श्वास लागल्यावर धावतो. ही गोष्ट फक्त मुस्लिम घरात घडली असे नाही. गावोगाव, सगळ्या जातींत घडली. लपवलेला आजार घरातल्या म्हाताऱ्यांपर्यंत आधी पोहोचतो. म्हणजे शेजाऱ्यावरचा संशय शेवटी शेजाऱ्याच्याही आधी स्वतःच्या घराला महाग पडतो. साथीच्या काळात एकमेकांवरचा विश्वास ही चैन नव्हे, तो औषधाइतकाच गरजेचा आहे. मे २०२१ मध्ये वर्ध्यातल्या एका कारखान्यात रेमडेसिविरचे उत्पादन सुरू झाले, ही चांगली बातमी होती. कुपीतले औषध कारखान्यात तयार होते, विश्वास मात्र गल्लीतच तयार करावा लागतो.

आता धर्म काय सांगतो ते पाहू. मशीद बंद ठेवणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे, असे काही जणांना मनापासून वाटत होते. जो मरणार तो मरणारच, मग घाबरायचे कशाला, असेही ऐकू येई. हा विचार भाबडा आहे आणि इस्लामच्या परंपरेत त्याचे उत्तर फार जुने आहे. ज्या मुलखात साथ आहे तिथे जाऊ नये आणि आपण असलेल्या मुलखात साथ आली तर तिथून पळून बाहेर पडू नये, ही पैगंबरांची शिकवण हदीसच्या प्रमुख ग्रंथांत आहे. आजारी उंट निरोगी उंटांच्या कळपात आणू नयेत, असेही त्यांनी बजावले. पाऊस-चिखलाच्या रात्री अजान देणाऱ्याने लोकांना घरीच नमाज पढायला सांगावे, ही सवलतही त्याच काळातली.

खलिफा हजरत उमर यांचा प्रसंग तर प्रत्येक मोहल्ल्यात सांगण्यासारखा आहे. ते सीरियाकडे निघाले असता वाटेत प्लेगची खबर आली. सल्लामसलत करून त्यांनी परत फिरायचे ठरवले. सेनापती अबू उबैदा यांनी विचारले की हे अल्लाहने लिहिलेल्या नशिबापासून पळणे नाही का? उमर यांच्या उत्तराचा आशय असा, की होय, अल्लाहच्याच एका लिखितापासून त्याच्याच दुसऱ्या लिखिताकडे. एका खोऱ्यात हिरवे कुरण आणि दुसऱ्यात माळरान असेल, तर उंट कुठेही चारला तरी ते अल्लाहच्याच मर्जीने, पण शहाणा गुराखी हिरव्या कुरणात नेतो. आणखी एक साधी गोष्ट. एका माणसाने पैगंबरांना विचारले की उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरोसा ठेवू का? त्यांनी सांगितले, आधी बांध, मग भरोसा ठेव.

साथीच्या काळातल्या वर्ध्यात उंट बांधणे म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत होते. मास्क, अंतर, वेळेवर तपासणी आणि लस. इंजेक्शनने रोजा तुटतो का, अशी शंका घेऊन काही जण लस ईदनंतरवर ढकलत होते. लसीने रोजा तुटत नाही, असे देशातल्या आणि जगातल्या अनेक उलेमांनी स्पष्ट केले आहे. २०२१ च्या रमजानमध्ये सौदी अरबने लस घेतलेल्यांना किंवा आजारातून बरे झालेल्यांनाच उमऱ्याची परवानगी दिली होती. तेव्हा लसीचा तुटवडा होता, रांगा लांब होत्या, हे खरे. पण आपली पाळी आली की ती सोडायची नव्हती. तसेच ताप असताना, प्राणवायूची पातळी खाली जात असताना रोजा रेटणे ही धर्मनिष्ठा नव्हे. आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोज्याची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे, तो पुढे भरून काढता येतो. जी सवलत देणाऱ्याने दिली, ती नाकारण्यात कसला मोठेपणा?

सुरक्षिततेचा दुसरा धडा वर्ध्याच्या मातीतच आहे. १९३९ मध्ये संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले. त्यांना कुष्ठरोग झाला होता. त्या काळी या रोगाची धास्ती साथीच्या दिवसांतल्या कोरोनाहून कमी नव्हती. रोग्याला घरातून, गावातून काढून देत. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले, जवळच त्यांच्यासाठी कुटी उभी राहिली आणि गांधीजी स्वतः त्यांची शुश्रूषा, मालिश करत. परचुरे कुटी आजही तिथे आहे. कुटी वेगळी होती, हे लक्षात घ्यायला हवे. पण वेगळे ठेवणे आणि टाकून देणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्याच्या तीन वर्षे आधी, १९३६ मध्ये, वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी विनोबांच्या प्रेरणेने कुष्ठरुग्णांच्या सेवेचे काम सुरू केले होते. ज्या जिल्ह्याने अंतर राखूनही माणूस न सोडण्याचा हा वस्तुपाठ घालून दिला, तिथे कोरोनाच्या रुग्णाचे घर वाळीत पडावे, ही लाजेची गोष्ट होती.

विलगीकरण म्हणजे शिक्षा, हीदेखील एक समजूतच. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत काही रोजेदार एतेकाफला बसतात. म्हणजे जगाचे व्यवहार बाजूला ठेवून मशिदीच्या एका कोपऱ्यात राहायचे, इबादत करायची, आतल्या माणसाशी बोलायचे. बायका हाच एतेकाफ घराच्या एका खोलीत करतात. पवनारला विनोबांनी ऑक्टोबर १९७० मध्ये क्षेत्रसंन्यास घेतला. तेरा-चौदा वर्षे पायी देश फिरलेला माणूस एका जागी बसला. पुढे २५ डिसेंबर १९७४ पासून त्यांनी वर्षभर मौनही पाळले. ज्यांनी कुरआनचा अभ्यास करून त्याचे सार काढले, त्या विनोबांना एतेकाफ म्हणजे काय हे सांगावे लागले नसते. साथीत चौदा दिवस खोलीत राहणे ज्याला तुरुंग वाटले, त्याने या दोन्ही परंपरांकडे एकदा पाहावे. मात्र यात एक अट आहे. एतेकाफला बसलेल्याला बाहेरून कुणीतरी जेवण पोहोचवतो. विलगीकरणातल्या माणसाच्या दाराशीही डबा पोहोचला पाहिजे. तो पोहोचला नाही, तर त्याच्या एकांताचा तुरुंग व्हायला वेळ लागत नाही.

आणि ज्याची मजुरी रोजची आहे, त्याच्यासाठी घरात बसण्याचा उपदेश पोकळ ठरतो, हेही मान्य करायला हवे. मे २०२० मध्ये हैदराबादहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, हिंगणघाट आणि जाम चौकातून, डोक्यावर बोचकी घेऊन चालत निघालेले मजूर या जिल्ह्याने पाहिले. 'घरी राहा' हे वाक्य त्यांना ऐकवण्यात काही अर्थ नव्हता. चालणाऱ्याला पाणी, चप्पल आणि दोन भाकरी हव्या होत्या. सुरक्षितता ही ज्याची त्याने विकत घ्यायची वस्तू ठरली, की ती फक्त पैसेवाल्याला मिळते.

म्हणूनच तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने १९८० च्या सुमारास आसपासच्या गावांत आरोग्य विम्याची एक योजना उभी केली. हप्ता पैशात नव्हता, ज्वारीत होता. सुगीनंतर ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे ज्वारी गोळा व्हायची. जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त, मजुराची कमी. गावातली बहुतेक घरे सामील झाली तरच योजना लागू व्हायची. आजारपण कुणावर येईल हे आधी ठाऊक नसते, म्हणून सगळ्यांनी आधीच थोडे थोडे बाजूला काढायचे, एवढाच त्यामागचा विचार.

रमजानमध्ये फित्रा देतात त्यामागचा विचार याहून वेगळा नाही. घरातल्या प्रत्येक माणसामागे, अगदी तान्ह्या बाळामागेही, ठरावीक मापाचे धान्य किंवा त्याची किंमत ईदच्या नमाजआधी गरिबाच्या घरी पोहोचली पाहिजे. ज्याचे घर भरले आहे त्याने वर्षाच्या बचतीतला चाळिसावा हिस्सा जकात म्हणून काढायचा. ज्वारीचा हप्ता आणि गव्हाचा फित्रा एकाच शहाणपणातून आले आहेत.

हे शहाणपण महाराष्ट्रात कोरोनाच्या साथीत दिसलेही. २०२० मध्ये इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने जकातीचे ३६ लाख रुपये जमवून तिथल्या आयजीएम या सरकारी रुग्णालयात अतिदक्षता विभाग उभा केला. ईदच्या दिवशी त्याचे लोकार्पण झाले. तिथल्या खाटेवर कोण झोपणार, याचा धर्म कुणी विचारला नाही. नागपूरला कधीकाळी रेल्वे स्टेशनबाहेर संत्री विकणारे आणि रिक्षा चालवणारे, पुढे मोठे वाहतूकदार झालेले प्यारे खान यांनी २०२१ च्या रमजानमध्ये स्वतःच्या खर्चाने प्राणवायूचे टँकर आणवले. अकोल्यात कच्छी मेमन जमातच्या कार्यकर्त्यांनी, नातेवाईक पोहोचू शकले नाहीत अशा हिंदू मृतांनाही त्यांच्या रीतीप्रमाणे अग्नी मिळेल याची काळजी घेतली. भाजीवाल्याला नाव विचारणाऱ्या दिवसांना याहून चांगले उत्तर कोणते असेल? अर्थात, चांगुलपणा सिद्ध करून दाखवल्यावरच शेजारी म्हणून स्वीकारले जाईल, अशी अट कुणावर असू नये. ती अटच अपमानाची आहे.

आता मनाचा प्रश्न. शरीर वाचवण्याच्या धावपळीत मन हातचे निसटत होते. झोप उडाली होती, चिडचिड वाढली होती, मुले शाळेविना घरात कोंडली होती. दिवसभर मोबाइलवर मृत्यूच्या बातम्या, घरगुती इलाज, खऱ्या-खोट्या चित्रफिती. रमजानचे वेळापत्रक इथे कामी येऊ शकते. पहाटे उठणे, पाच वेळा सगळे सोडून जायनमाजवर उभे राहणे, ठरल्या वेळी खाणे, रात्री थोडे वाचणे. ज्याचे दिवस एकमेकांत मिसळून गेले आहेत, त्याला हे पाच खांब दिवस उभा करून देतात. सेवाग्राम आश्रमात सकाळ-संध्याकाळची प्रार्थना ठरल्या वेळी होते आणि तिच्यात सूरे फातिहाही असते, हे वर्धेकरांना सांगायला नको. ज्याचा कुठल्याच प्रार्थनेवर विश्वास नाही, त्यानेही झाडांना पाणी घालण्याची वेळ ठरवावी. रोजा फक्त पोटाचा नसतो, जिभेचा आणि कानाचाही असतो. न तपासलेला संदेश पुढे न पाठवणे हा सगळ्यांत मोठा रोजा ठरेल.

दुःख मात्र कुठल्याही वेळापत्रकात बसत नाही. त्या वर्षी अनेकांना आई-वडिलांचा चेहराही शेवटचा पाहता आला नाही. गुसल नाही, खांदा नाही, जनाजाला चार माणसे. हिंदू घरांतही तेच, अस्थी मिळाल्या तरी नशीब. सब्र ठेवा, असे सगळे सांगतात, पण सब्र म्हणजे डोळे कोरडे ठेवणे नव्हे. पैगंबर आपल्या तान्ह्या मुलाच्या, इब्राहिमच्या, मृत्यूवर रडले होते. पत्नी खदीजा आणि चुलते अबू तालिब ज्या वर्षी गेले, त्या वर्षाला इतिहासाने 'दुःखाचे वर्ष' असेच नाव दिले. साथीत गेलेल्याला शहीदाचा दर्जा आहे, ही श्रद्धा ज्या घरांना आधार देते त्यांना ती द्यावी. आणि ज्याला रात्र रात्र झोप नाही, जगणे नको वाटते, त्याला डॉक्टरकडे न्यावे. मनाच्या आजाराची औषधे घेणे म्हणजे ईमान कच्चे असणे नव्हे. इथेही आधी उंट बांधायचा असतो.

दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारपाजाऱ्यांनी जेवण न्यायचे असते. मराठी घरांत त्याला कडू घास म्हणतात, मुस्लिम घरांत कडवी रोटी. शब्दसुद्धा एकच. त्या वर्षी दारात बसून समजूत काढता येत नव्हती, पण डबा दाराशी ठेवून फोन करता येत होता. ज्याला हे जमले, त्याने मोहल्ला शहाणा ठेवायला हातभार लावला.

एक तक्रार उरते. २०२१ मध्ये कुंभमेळा भरला, निवडणुकांच्या सभा झाल्या, मग नियम ईदलाच का? तक्रार खोटी नाही. ज्यांनी २०२० मध्ये एका मेळाव्यावर बोट ठेवले, त्यांनी २०२१ च्या गर्दीलाही तीच मोजपट्टी लावायला हवी होती. पण दुसऱ्याच्या चुकीतून आपल्या घरातल्या म्हाताऱ्याला प्रतिकारशक्ती मिळत नाही. हिशेब विचारायचा तर जिवंत राहून विचारता येईल.

२०२१ ची ईद जवळ आली होती. बाजारात कापडाच्या दुकानांचे मागचे दार उघडत होते, हे सगळ्यांना ठाऊक होते. त्या ईदला जुने धुतलेले कपडे घातले तर ईद कमी होणार नव्हती. त्या कपड्यांचे पैसे ज्याच्या घरचा कमावता माणूस गेला त्याच्याकडे जाऊ द्यावेत. फित्रा लवकर द्यावा, कारण भूक चंद्राची वाट पाहत नाही. नमाज घरी व्हायची होती, गळाभेट पुढच्या वर्षासाठी राखून ठेवायची होती. शीरखुर्म्याचा डबा शेजारी, मग तो कुठल्याही धर्माचा असो, दाराशी ठेवावा. आणि शेजाऱ्यानेही तो आत घ्यावा.

रमजानच्या शेवटच्या रात्रींपैकी एक रात्र हजार महिन्यांहून मोठी मानतात. त्या रात्री हात वर होतील तेव्हा सेवाग्राम-सावंगीच्या खाटांवर झोपलेल्या, नाव माहीत नसलेल्या प्रत्येकासाठी दुआ मागितली जावी. पहाटेच्या भोंग्याची जागा पुन्हा सहरच्या हाकेने घ्यावी, हीच २०२१ ची प्रार्थना होती. आमीन.